कोरड्या बोअरची खूण

जमिनीखाली काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही, या एका भरवशावर बेलखेडीतली निम्मी भांडणं टिकून होती. वर दिसणाऱ्या गोष्टींचा निकाल लागतो. दोन शेतांमधला धुरा कोणी कोरला ते मोजणीवाला येऊन सांगतो, झाड कोणी तोडलं ते बुंधा सांगतो. पाण्याचं तसं नव्हतं. पाणी कोणी नेलं याबद्दल ज्याला जे वाटेल ते त्यानं जन्मभर धरून बसावं, त्याला खोटं पाडायला कोणी येणार नव्हतं.

नीळकंठ खासबागे वीस वर्षं असंच एक धरून बसला होता. त्याच्या विहिरीचं पाणी त्याच्या सख्ख्या धाकट्या भावानं, वासुदेवनं, पळवलं होतं.

हकिकत गावाला पाठ होती. वडिलांच्या माघारी वाटणी झाली तेव्हा संत्र्याची बाग दोघांत निम्मी निम्मी झाली आणि विहीर थोरल्याकडे आली. मग धाकट्यानं धुऱ्यापलीकडे आपल्या हिश्शात बोअर मारली. तिला पाणी लागलं, आणि असं लागलं की मोटार दिवसभर चालवली तरी धार बारीक होईना. पुढच्याच उन्हाळ्यात नीळकंठच्या विहिरीनं तळ दाखवला. वडिलांच्या काळी जी विहीर भर मे महिन्यात पुरुषभर पाणी राखून असायची, तिच्यात आता खाली ओंजळभर पाणी आणि चिखल दिसायचा. दोन वर्षांत झाडं वाळली. नीळकंठनं ती तोडून सरपणाला घातली आणि त्या जागी तूर पेरली. संत्र्याच्या पट्ट्यात तूर पेरणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत रिकामं पान घेऊन बसलेला माणूस. सगळे आपलं वाढून घेतात आणि त्याच्याकडे पाहायचं टाळतात.

पंच बसले. वासुदेवनं महादेवाच्या देवळात ओलेत्या अंगानं पिंडीवर हात ठेवला आणि शपथ घेतली, की माझ्या बोअरनं दादाच्या विहिरीचं पाणी ओढलेलं नाही. अशी शपथ झाली की पंचांचं काम संपतं, पुढचं देव पाहून घेतो. देवानं पाहून घेतलं असं गावाला वाटलं, कारण चार-पाच महिन्यांतच वासुदेवची बायको कुसुम बागेत संत्री तोडता तोडता खाली बसली ती उठलीच नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोक्यातली शीर फुटल्याचं सांगितलं. वय चाळिशीच्या आतलं, दुखणं ना खुपणं.

त्या दिवसांत नीळकंठ पानठेल्यावर उभा असताना कोणीतरी हळहळलं, तर तो म्हणाला, "शपथेनं आपलं काम केलं." एवढंच वाक्य. ते तेरवीच्या आधी वासुदेवच्या घरी पोचलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला दार होतं ते विटांनी बंद झालं आणि भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. नीळकंठची बायको प्रमिला मात्र मागच्या बाजूनं वासुदेवकडे भाजी-भाकरी पोचवत राहिली. कुसुम तिची जाऊ होती, पण दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. नवऱ्याला ती एकदाच म्हणाली होती की ते वाक्य तोंडातून निघायला नको होतं. नीळकंठनं ऐकून घेतलं आणि तिच्या हातातला डबा दिसत नसल्यासारखं वागायची सवय लावून घेतली.

२०४३ च्या हिवाळ्यात बेलखेडीत खुणेची योजना आली.

योजनेमागचं शास्त्र समजायला जमिनीची घडण ठाऊक हवी. या भागातला काळा पाषाण एकसंध नाही, लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला आहे. सगळ्यात वर माती आणि मुरूम. पावसाचं पाणी आधी तिथे मुरतं आणि जुन्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात. त्याखाली कठीण खडक, ज्यातून पाणी सहसा खाली जात नाही. आणखी खोल गेलं की पुन्हा भेगाळलेला खडक लागतो, आणि त्या भेगांत फार जुनं पाणी असतं. वरचं पाणी दरसाल येतं आणि जातं. खालचं साचायला माणसांच्या कित्येक पिढ्या लागतात. या दोन पाण्यांच्या मधे निसर्गानं दार ठेवलेलं नव्हतं. दारं माणसांनी पाडली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत इथे इतक्या बोअरी झाल्या की जमिनीची चाळणी व्हावी, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त कोरड्या गेल्या किंवा आटल्या. आटलेल्या बोअरचा धनी मोटार काढून घेतो, तोंडावर एक दगड ठेवतो आणि तिला विसरतो. बोअर मात्र काम करत राहते. वरचं पाणी तिच्यातून खाली गळत राहतं, आणि जाताना शेतातला युरिया आणि फवारणीची औषधं सोबत नेतं. वरच्या विहिरी आटतात आणि खालचं पाणी नासतं.

एवढं शास्त्रज्ञांना केव्हाचं ठाऊक होतं. कोणती बोअर कोणाचं पाणी नेऊन कुठे सोडते, हे ठाऊक नव्हतं. ते खुणेनं सांगितलं. धुळीहून बारीक अशा काचेच्या कणांत कृत्रिम डीएनएचा एक तुकडा बंद करायचा. त्या तुकड्यातल्या रसायनांचा क्रम दर बोअरसाठी, दर विहिरीसाठी वेगळा, म्हणजे प्रत्येकीला तिचं स्वतःचं नाव. असे चमचाभर कण पाण्यात सोडायचे. ते पाण्याबरोबर भेगाभेगांतून फिरतात, विरघळत नाहीत, कोणाला बाधत नाहीत. गावातल्या प्रत्येक पंपाला एक डबी लावायची. येणाऱ्या पाण्यातले कण ती टिपते आणि त्यांची नावं वाचते. हे तंत्र आधी फक्त प्रयोगशाळांत होतं. नाव वाचणारी डबी सायकलच्या भावात मिळू लागली आणि ते गावात आलं.

सरकारचा हेतू सरळ होता. ज्या बोअरची खूण पिण्याच्या पाण्यात निघेल ती आधी बुजवायची. त्याला पूर्ण अनुदान होतं: चिकणमातीचा घोळ, तो आत सोडणारं यंत्र, मजुरी, वर आटलेली विहीर उपसून नीट करून देणंही त्यात आलं. अट एकच. बोअर बुजवल्यानं ज्याचं पाणी कमी होणार त्याची संमती लागे, कारण पहिल्याच वर्षी काही गावांत बुजवलेल्या बोअरी शेजाऱ्यांनी पुन्हा फोडल्या होत्या.

परिणाम मात्र सरकारच्या अंदाजाबाहेर गेले. एका गावात ठरलेली सोयरीक मोडली, कारण नवरीच्या घरानं आपल्या संडासाचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडलं होतं आणि तिची खूण नवऱ्याच्या घरच्या नळात निघाली. दुसऱ्या एका गावात पाणी वाचवा म्हणून भाषणं देणाऱ्या पुढाऱ्याच्या पाच बोअरी निघाल्या, आणि पाचही उघड्या. लोक म्हणू लागले की कुंडली एक वेळ राहू द्या, पण आधी पाणी जुळवून पाहा. जमिनीच्या पोटातलं बोलणारं यंत्र हे असं घराघरांत शिरलं.

नीळकंठ बासष्टीचा झाला होता आणि त्याला या यंत्राची वाट पाहण्यात वीस वर्षं गेल्यासारखं वाटत होतं. खुणेची गाडी गावात आली तेव्हा पहिला तोच हजर. भूजल कार्यालयाची प्रणोती इंगळे ही वाशिमकडची मुलगी, तिशीतली, भूगर्भशास्त्र शिकलेली आणि दिवसभर जीपमध्ये धूळ खाऊन आवाज बसलेली. तिला तो विहिरीवर घेऊन गेला आणि म्हणाला, की यात खूण सोडा, ती धुऱ्यापलीकडे निघते की नाही पाहा, म्हणजे माझं आयुष्यभराचं काम होईल. प्रणोतीनं आणखी कुठे जुनी बोअर आहे का विचारलं. एक आहे, पण कामाची नाही, असं सांगून त्यानं हात झटकला.

ती बोअर विहिरीपासून पंचवीस-तीस पावलांवर बाभळीखाली होती. वासुदेवच्या आधी दोन-तीन महिने नीळकंठनंच ती मारली होती. खोल खोल गेली आणि शेवटपर्यंत नुसता भुगा आला. कोरड्या गेलेल्या बोअरबद्दल कोणी बोलत नाही, ती एक नामुष्की असते. नीळकंठनं दुसऱ्याच दिवशी वरच्या भागातला लोखंडी पाइप ओढून काढला. चांगला पाइप कोरड्या भोकात कोण सोडेल? त्या पट्ट्यात सगळेच तो काढून घेत. हा पाइप मुरमाच्या थरातून जातो आणि कठीण खडकात टेकतो. भोकाची भिंत ढासळू द्यायची नाही एवढंच त्याचं काम, असं लोक समजत. बोअरच चालणार नसेल तर भिंत कशाला राखायची? प्रणोतीनं नियमाप्रमाणे त्या बोअरमध्येही वेगळी खूण सोडली आणि एक डबी दोरीनं आत टांगली. नीळकंठ तेव्हा विहिरीपाशीच उभा राहून तिला हाका मारत होता.

महिन्याभरानं फोनवर निरोप आला. नीळकंठच्या विहिरीची खूण गावातल्या दोन पंपांवर सापडली होती: ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या बोअरमध्ये आणि वासुदेव खासबागे यांच्या बोअरमध्ये.

नीळकंठनं निरोप दोनदा मोठ्यानं वाचला. प्रमिला अंगणात तूर निवडत होती. तिनं वर न पाहता, आता पुढं काय करता, एवढं विचारलं. पुढं काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. सध्या त्याला फक्त धुतलेला सदरा घालून पानठेल्यावर जायचं होतं. वीस वर्षांत तो इतका आनंदी झाला नव्हता आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं. सदऱ्याची बटणं लावत तो फाटकाशी आला, तर प्रणोतीची जीप येऊन उभी राहिलेली. निरोप यंत्रानं आपोआप पाठवला, पण त्याची दुसरी बाजू समोर बसून सांगावी लागेल, असं ती म्हणाली आणि त्याला बाभळीखाली घेऊन गेली.

मजुरांनी दगड बाजूला केला. आतून आवाज येत होता. नीळकंठला आधी वाटलं की वाऱ्याचा असेल. प्रणोतीनं वायरच्या टोकाला कॅमेरा बांधून आत सोडला आणि पडदा त्याच्यापुढे धरला. वरची माती गेली, मुरूम आला, आणि मुरमाच्या खालच्या अंगाला भोकाच्या भिंतीतून करंगळीएवढी धार सुटलेली दिसली. ती काळ्या खडकावरून चमकत खाली जात होती आणि दिव्याच्या उजेडापलीकडे नाहीशी होत होती. पाइप असता तर तो नेमका याच जागी आला असता.

"हे पाणी कोठून येते?" त्यानं विचारलं.

"तुमच्या विहिरीतून. विहिरीची खूण अर्ध्या दिवसात इथे आली. वासुदेवकाकांच्या बोअरला पोचायला तीन आठवडे लागले." प्रणोतीनं कॅमेरा वर ओढून घेतला. मग सावकाश म्हणाली, "त्यांच्या बोअरचा पाइप शाबूत आहे काका. वरचं पाणी तिला ओढताच येत नाही. त्यांनी नेलं नाही. तुमच्या बोअरनं सोडलं."

नीळकंठ भांडला. यंत्र चुकलं असेल, डब्यांची अदलाबदल झाली असेल, कार्यालयातलं कोणी वासुदेवच्या ओळखीचं असेल. प्रणोतीनं हे बेलखेडीच्या आधी बऱ्याच गावांत ऐकलं होतं. तिनं वाद घातला नाही. बोअरमध्ये रबरी फुगा सोडून तो मुरमाच्या खाली, कठीण खडकात फुगवायचा, म्हणजे आठ दिवस ते भोक बंद राहील. काय होतं ते तुम्हीच पाहा, असं म्हणून ती फुगा बसवून गेली.

फेब्रुवारी सरत आलेला, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि विहिरीचं पाणी चढू लागलं. पहिल्या दिवशी चिखल झाकला गेला. चौथ्या दिवशी तळाची कपार बुडाली. नीळकंठ रोज सकाळी काठावर उभा राहून खाली पाहायचा. आपल्याच विहिरीत पाणी चढताना पाहून ज्याला ते पुन्हा उतरावंसं वाटतं असा माणूस त्या तालुक्यात दुसरा नसेल.

त्याच आठवड्यात धुऱ्यापलीकडे वासुदेवची मोटार धापा टाकू लागली. आंबिया बहार धरलेला, झाडांवर बोराएवढी संत्री, आणि पाण्याची धार मधेच तुटून हवा फेकू लागली. गावाला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. वीस वर्षांनी नीळकंठनं डाव साधला, सरकारी माणसं आणून भावाच्या पाण्याला बूच मारलं, असं पानठेल्यावर ठरलं. इकडे प्रणोतीच्या डब्या सांगत होत्या की पिण्याच्या बोअरमधलं, युरियातून उतरलेलं नायट्रेट या आठ दिवसांत पहिल्यांदाच उतरणीला लागलं आहे. गेल्या दोन वर्षांत गावातल्या तान्ह्या मुलांना वरचं दूध द्यायचं तर पाणी बाहेरून आणा, असं दवाखान्यातून सांगावं लागत होतं. बोअर बुजवणं भाग होतं. संमतीवर सही वासुदेवचीच लागणार होती, आणि पुढच्या सोमवारी ग्रामसभेत अहवाल वाचला जाणार होता. तो वाचला की कोणाचं पाणी कोणी सोडलं ते सगळ्या गावादेखत वासुदेवला कळणार होतं.

नीळकंठनं प्रणोतीकडे मुदत मागितली. सोमवारच्या आधी भावाला मीच सांगतो, म्हणाला. पण दोन दिवस तो घरातून हलला नाही. बोअर बुजवली तर वासुदेवची अर्धी बाग जाणार होती. न बुजवावी तर गावाच्या घशात विष. योग्य ते करायला जावं तर ते हुबेहूब सुडासारखं दिसणार, याचंही त्याला वाईट वाटत होतं. पण त्याला खरी लाज वाटत होती ती पाण्याची नव्हती. विहीर आटली त्यात अज्ञान होतं, अज्ञान सगळ्यांचंच होतं. पानठेल्यावर तो जे बोलला होता ते अज्ञानातून आलेलं नव्हतं. ते त्यानं भाऊ दुखावला जावा म्हणूनच म्हटलं होतं आणि त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं. हे त्याला आता आठवत होतं आणि तो आपल्याच भावाच्या दाराला भीत होता.

तिसऱ्या दिवशी प्रमिलानं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि ती उठून गेली नाही.

"विहिरीचं राहू द्या," ती म्हणाली. "ते मशीन सांगन त्याले. कुसुमबद्दल जे बोलले होते तुमी, ते जाऊन वापस घ्या. ते काही मशीन घेणार नाही."

तो जेवला नाही. ऊन उतरल्यावर धुरा ओलांडून पलीकडे गेला.

वासुदेव मोटारीपाशी बसून पाइपाचा सांधा खोलत होता. अठ्ठावन्नचा होता पण थोरला दिसत होता. मुलगा पुण्याला नोकरीत, हा इथे एकटा. भावाला समोर पाहून तो उठला नाही आणि रागावलेलाही दिसला नाही. शेजारचं रिकामं पोतं त्यानं हातानं झटकलं आणि सरकवून दिलं. नीळकंठ त्याच्यावर बसला. बोलायची सुरुवात त्यानं वाटेत दहा प्रकारे घोकली होती, त्यातली एकही आता आठवेना.

"तुह्या बोअरनं माह्या विहिरीचं पाणी ओढलं नाही," तो म्हणाला. "कधीच नाही ओढलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. बाभळीखालची बोअर, काढलेला पाइप, पडद्यावर दिसलेली धार, फुगा, आणि बोअर बुजवल्यावर बागेचं काय होईल तेही. वासुदेव हातातला पाना खाली ठेवून ऐकत होता.

"मशीन पक्कं सांगते?"

"पक्कं. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. पाइप म्याच काढला, पाणी म्याच सोडलं." नीळकंठ पोत्यावरून पुढे सरकला. "आणि वासुदेव, पानठेल्यावर मी जे बोललो होतो, कुसुमबद्दल..."

वासुदेवनं त्याला पुरं करू दिलं नाही. ऐकायचं नव्हतं म्हणून नव्हे, तो वेगळ्याच गोष्टीत अडकला होता.

"म्हणजे मी शपथ घेतली ते खरी होती?"

"खरी होती."

वासुदेवनं झाडांकडे मान वळवली. मग तो जे बोलला ते नीळकंठनं कधी कल्पनेतही आणलं नव्हतं. शपथ घेतली तेव्हा ती खरी आहे हे वासुदेवला माहीत नव्हतं. त्याच्या बोअरला पाणी लागलं आणि त्याच्यामागे दादाची विहीर गेली, हे त्यालाही दिसत होतं. तोही शेतकरीच होता. पाणी आपणच नेलं असावं असं त्याला मनातून वाटत होतं, पण बाग उभी होती, रागही होता, आणि पंचांपुढे मागे सरायला जमलं नाही. त्यानं पिंडीवर हात ठेवला. नंतर कुसुम पडली, आणि ती आपल्या खोट्या शपथेपायीच गेली असं त्यानं मनाशी धरलं. तेव्हापासून वीस वर्षं त्यानं आपल्या बागेतलं एक संत्रं तोंडात घातलं नव्हतं. गाव त्याला त्यावरून कंजूष म्हणत असे.

"तुह्यं बोलणं घरी आलं तवा मले राग नाही आला दादा," वासुदेव म्हणाला. "मले वाटलं, दादाले पण माहीत आहे."

नीळकंठ शिव्या खायची तयारी करून आला होता. हात उगारला तर तोही सहन करायचा असं त्यानं ठरवलं होतं. त्यानं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला, वासुदेवनं तो राहू दिला. अंधार पडायच्या आधी दोघांनी मिळून पाइपाचा सांधा बसवला.

दुसऱ्या दिवशी वासुदेवनं प्रणोतीच्या पडद्यावर अंगठा दिला. आपली किती झाडं तगतील असं त्यानं विचारलं. निम्मी, आणि तीही विहिरीचं पाणी मिळालं तर, असं तिनं सांगितलं. नीळकंठ लगेच म्हणाला की विहीर दोघांची धरायची, धुऱ्यावरून पाइप टाकायचा, पाळी लावायची. तसं त्यानं ग्रामसभेतही सांगितलं. अहवाल वाचला गेला तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला होता. पानठेल्यावरची मंडळी त्या दिवशी फार बोलली नाहीत.

बुजवणी एका सकाळी झाली. चिकणमातीचा राखाडी घोळ नळीनं थेट तळाशी सोडतात आणि भोक खालून वर भरत आणतात, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. ही माती पाण्यात फुगते आणि खडकाला घट्ट धरते. निसर्गानं जिथे दार ठेवलं नव्हतं तिथे पुन्हा भिंत होते. घोळ हळूहळू तोंडापर्यंत चढला, वर सिमेंटचं झाकण बसलं, त्यावर क्रमांकाची पट्टी ठोकली. दोघे भाऊ बाभळीखाली उभे होते. यंत्रवाल्यानं फोटोसाठी त्यांना जवळ यायला सांगितलं, तर ते आज्ञाधारकपणे जवळ आले.

एप्रिलपर्यंत विहिरीला दीड पुरुष पाणी झालं. धुऱ्यावरून काळा पाइप गेला आणि पाळी सुरू झाली. वासुदेवनं धुऱ्यापासून लांबची झाडं तोडली, उरलेल्यांनी फळ धरून ठेवलं. मधल्या भिंतीतल्या विटा प्रमिलानं गवंडी बोलावून काढवल्या. कोणाला विचारलं नाही. नीळकंठ पानठेल्यावर जाईनासा झाला होता. गाव म्हणत होतं की भावांचं जमलं, आणि वरवर पाहता ते खरंही होतं. फक्त वासुदेव दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. मन हलकं व्हायला हवं होतं त्याचं, असं नीळकंठला वाटायचं. त्याच्या डोक्यावरचं ओझं तर आपण स्वतः जाऊन उतरवलं. प्रमिलाला विचारलं तर ती म्हणाली, की तो जेवतो नीट, पण कुसुमच्या फोटोपुढे बसतो आणि काहीतरी विचारत असल्यासारखा तिच्याकडे पाहत राहतो.

एका संध्याकाळी वासुदेव पाळी संपवून मोटार बंद करायला आला आणि विहिरीच्या काठावर बसला. नीळकंठ शेजारी बसला. खाली पाणी स्थिर होतं.

"दादा," वासुदेव म्हणाला, "शपथ खरी होती म्हणते ते मशीन."

"हो. खरीच होती."

"मंग कुसुम कायले गेली?"

नीळकंठनं तोंड उघडलं. शीर फुटली, डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं, पण वासुदेव ते विचारत नव्हता. देवाची मर्जी म्हणता आलं असतं, पण देवाच्या नावानं तो एकदा बोलून चुकला होता. वीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर त्यानं कोणी विचारलं नसताना दिलं होतं. आता विचारणारा समोर बसला होता.

"मले नाही माहीत," तो म्हणाला.

वासुदेवनं मान हलवली.

"मले माहीत होतं इतके दिवस," तो म्हणाला. "आता मले पण नाही माहीत."